पुठ्ठ्याआडचा फासा

पिंप्राळ्याच्या आमच्या कॉलनीत केबल आली तेव्हा घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. मला येतं असं मी ठोकून दिलं होतं. रविवारी एक रहस्याचं कार्टून लागे, आणि मी आठवीतली दीडशहाणी सगळ्यांना त्याचा अर्थ सांगत बसे.

माझी आतेबहीण तेवढी म्हणायची, "तुले तरी समजते का व?" ती असोद्याहून आमच्याकडे शिकायला आली होती, माझ्याच वर्गात. मामाच्या घरी राहील तर दहावीपर्यंत शाळा, नाहीतर घरी बस आणि लग्न, असं तिच्या बापानं बजावलं होतं. सहामाहीत तिला गणितात माझ्या दुप्पट गुण पडले. "हिच्याकडून शीक काहीतरी," बाबा मला तिच्यादेखत म्हणाले. त्या दिवसापासून ती मला डोळ्यासमोर नको झाली.

एका भागात कार्टूनमधली पोरं टेबलाभोवती बसली होती. मध्ये नकाशा, त्यावर राक्षसांच्या आणि शिपायांच्या इवल्या बाहुल्या. एक जण पुठ्ठा उभा करून त्याच्या आड पुष्कळ बाजूंचा फासा टाके, एकटाच पाही आणि निकाल सांगे. बाकीचे निमूट ऐकत. मग चकाकता पांढरा कोट घातलेला, लांब कल्ल्यांचा एक माणूस आला. तो लग्नातला बँडमास्तर, असं आम्ही ठरवलं. पुढच्याच दृश्यात चोर सापडला.

तो त्यांच्याकडचा साधा बैठा खेळ होता आणि कोटवाला कुणा गाजलेल्या गायकाची नक्कल, हे मला फार उशिरा कळलं. पण आमच्या खेड्यांत वस्तू हरवली की भगत सुपात ज्वारीचे दाणे टाकतो, एकेक नाव घेतो आणि दाणे मोजून चोर सांगतो. मी छातीठोकपणे म्हणाले, "अमेरिकेतपण दाणे पाहतात. फक्त फाशानं."

आठवड्याभरात आईची सोन्याची कुडी हरवली. भगताला आई अडाण्यांचं थोतांड म्हणायची. टीव्हीवर इंग्रजीतून दाखवलेलं मात्र तिला पटलं. मी कॅलेंडरचा पुठ्ठा उभा केला, सापशिडीचा फासा घेतला आणि सहा जणांना सहा आकडे दिले: मी, धाकटा भाऊ, आतेबहीण, शेजारच्या दोघी बहिणी आणि धुणंभांडीवाली बाई. आतेबहिणीचा आकडा तीन.

फासा टाकला. त्याच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही. "तीन," म्हणाले.

ती आधी हसली. मग आईचा चेहरा पाहून रडायला लागली. "मामी, मी नही घेतली व. माह्या मायची शप्पथ. मले शाळेत राहू द्या." आईनं तिची पेटी उपसली, दप्तर झटकलं, वेणीसुद्धा सोडून पाहिली. काहीच सापडलं नाही, म्हणून आईची खात्रीच पटली. "पक्की आहे," ती म्हणाली. मी पुठ्ठा धरून बसले होते. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी तिला एसटीत बसवून दिलं. महिन्याभरानं कुडी गोधडीच्या शिवणीत सापडली. "आता बोलून काय उपयोग? आखाजीच्या सणाला तिचं लग्न ठरलंय," म्हणत आईनं ती कानात घातली. मीही गप्प राहिले.

पाच वर्षांनी ती धुळ्याला एका लग्नात भेटली. काखेत एक पोर, बोटाला दुसरं. मी कॉलेजात होते. तिनं मला बाजूला नेलं, घर-संसाराचं काही बोलली नाही, एकच विचारलं.

"खरं सांग. तवा आकडा कोन्ता पडला होता?"

नुसतं 'पाहिलं नव्हतं' म्हणायचं होतं. तेवढंही मला जमलं नाही.

"तीन," मी म्हणाले.

तिनं पोर दुसऱ्या काखेत घेतलं. "मंग तुहा काय दोष," म्हणाली, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून पंगतीला निघून गेली.