मामाच्या गावची दहावी

फार्मसीला माझा नंबर लागला आणि पेढे आणायच्या आत भाऊबंदांतले एक काका टपकले. काकांना सगळ्या सरकारी योजना पाठ, निदान त्यांचा तसा समज होता. मुलींना शिक्षणाची फी माफ आहे खरी, पण महाराष्ट्रातल्या मुलींना, हिची दहावी तर गुजरातेत झाली, असं सांगून त्यांनी चहा संपवला. मला त्यांचा असा संताप आला की कपसुद्धा उचलला नाही.

आमचं गाव प्रकाशा. मामाचं गाव जवळच, निझरकडे, पण सरहद्दीपलीकडे. लहानपणी आई फार आजारी पडली तेव्हा मला मामाकडे ठेवलं. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, त्यांना माझा लळा लागला आणि मी दहावीपर्यंत तिथेच राहिले, अकरावी-बारावी मात्र इकडे केली. आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दोन्हीकडे बोली अहिराणीच, सोयरीकही इकडची तिकडे. राज्य बदललं हे घरात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

वडिलांची पपई आणि केळी. आम्ही खाऊनपिऊन सुखी होतो, फार्मसीची फी भरण्याइतके मात्र नव्हतो. वडील म्हणाले, बीए कर. बीएशी माझं वैर नव्हतं, पण मला औषधंच शिकायची होती. मी घरात अबोला धरला.

हे कळल्यापासून मामाने आमच्याकडे पाऊल टाकलं नाही. आईने फोन केला तर स्वतःलाच दोष देत म्हणाला, "मन्हामुये पोरनं नुकसान व्हयी गयं. काय तोंड लिसन येवू?"

मग त्यानेच एक तोडगा काढला. माझं नाव त्याच्या रेशनकार्डात घालायचं, म्हणजे मी गुजरातची होईन आणि तिकडची मदत मिळेल. तो मामलतदार कचेरीच्या चकरा मारू लागला. वडिलांनाही ते पटलं. आमच्या कार्डातून माझं नाव कमी करायचा अर्ज त्यांनी लिहूनही ठेवला. आई तेवढी अडून बसली. पोरीला घरातून काढायच्या आधी कागद तपासतात तिथे एकदा विचारा, म्हणाली.

म्हणून आम्ही शहाद्याच्या प्रवेश केंद्रात गेलो. तपासणीच्या टेबलावरच्या मॅडमनी दहावीचं गुणपत्रक पाहिलं आणि मला सोडून वडिलांना विचारलं, "तुम्ही कुठले?"

वडिलांनी पणजोबांपासून सुरुवात केली. ते कार्डातून नाव काढायच्या अर्जापर्यंत आले तेव्हा मॅडमनी हसून थांबवलं. "मग तुमचा अधिवास दाखला जोडा. वडील इथले असले की दहावी बाहेरची असली तरी चालते. दाखल्यावरचं उत्पन्न मर्यादेत आहे, शिक्षणाची फी पूर्ण माफ होईल. फक्त हिचं नाव तुमच्या कार्डातून काढू नका."

बाकीची किरकोळ फी, पुस्तकं आणि बसचा पास तेवढा आमच्याकडे राहिला. मला तिथेच रडू फुटलं. वडिलांनी खिशातला अर्ज काढून फाडला आणि तुकडे टाकायला जागा मिळेना म्हणून परत खिशात कोंबले.

बाहेर येऊन मी आधी मामाला फोन लावला. तो तेव्हाही कचेरीच्या रांगेतच उभा होता. रांग सोड, म्हटलं, आणि सगळं सांगितलं.  

मग त्याने विचारलं, "म्हंजे आते मी तुमना घर येवू ना?"

मी म्हटलं, मामीलाही आण.