आईचा रकाना

अमेरिकेतल्या एका प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, समस्त आशियाई म्हाताऱ्या बायकांचं मत इलिनॉयमधल्या शॉमबर्ग गावी माझ्या स्वयंपाकघरात ठरलं.

मी मतदार-सर्वेक्षणाच्या कंपनीत आकडेमोड करते. पक्षाचा उमेदवार ठरायच्या आधी गोरे, काळे, लॅटिनो, आशियाई यांच्यातलं कोण कुणाच्या बाजूनं आहे, हे फोनवर विचारायचं आणि तक्ते करायचे. एखाद्या गटातली माणसं फोनवर कमी सापडली, तर सापडलेल्यांनाच जास्त वजन द्यायचं. त्या वेळी पासष्टीपुढच्या आशियाई बायकांच्या रकान्यात एकच बाई होती. साहजिकच तिला भरपूर वजन मिळालं आणि ज्याला कुणी विचारत नव्हतं असा एक उमेदवार आशियाई लोकांत एकदम वर आला!

"हे कसं काय?" आमचा बॉस डेव्ह म्हणाला.

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी उभी राहिले आणि आशियाई कुटुंबातली ज्येष्ठ स्त्री, तिची मूल्यं, तिचा मूक प्रभाव यांवर दहा मिनिटं बोलले. (मूक!) डेव्ह इतका खूश झाला, की म्हणाला, "हे अहवालाच्या पहिल्या पानावर घ्या."

छापण्याआधी नियमाप्रमाणे मी त्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकायला घेतलं. आधी कुकरची शिट्टी ऐकू आली. शिट्टी ओळखीची वाटली. मग आवाज आला, आणि तो तर फारच ओळखीचा होता.

आई! वर्ध्याची निवृत्त शिक्षिका, सहा महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे आलेली. बोलत होती इंग्रजी, पण चाल अस्सल वर्ध्याची.

"तुमचं नाव मतदार यादीत आहे?"

"म्हणजे काय! वर्ध्याला विचार कुणालाही."

(फोनवर प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला वर्धा हे इलिनॉयमधलंच एखादं गाव वाटलं असावं.)

"या वेळी मतदान करणार?"

"एकही चुकवलं नाही मी आजवर. बूथवर ड्युटी असायची माझी. शेकडो बोटांना शाई लावली आहे!"

"तुमचा पाठिंबा कुणाला?"

"मत गुप्त असतं, बाळा. पण तू इतकं विचारतेस तर... ज्याचं नाव तू सगळ्यात शेवटी घेतलंस, त्याला. बिचारा कुणाच्या लक्षातच नसेल."

मी डोकं धरलं. एवढ्यात आई म्हणाली, "आमच्याकडे निवडणूक आली की दारात रोज माणसं. 'बाई, यंदा कुणाला?' म्हणून विचारायची. इथे पार्सलवाला येतो, तोही ठेवून पळतो. पाच महिन्यांत मला काय वाटतं ते विचारणारी तूच पहिली."

पुढे मला ऐकवेना. मी नोंद काढून टाकली. तो उमेदवार कोसळला, त्याच्यासोबत माझा सिद्धांतही. डेव्हला मी "डेटाची अडचण" एवढंच सांगितलं.

संध्याकाळी आई दारातच उभी. फोनवर आमच्या कंपनीचं नाव तिनं ऐकलंच होतं. "काय गं, माझं मत गेलं का वर?"

"गेलं," मी म्हणाले. खोटं बोलताना मला तिच्याकडे बघवलं नाही.

शनिवारी मी गॅरेजमध्ये गाडीत बसले, नंबर लपवला, नाकातून अमेरिकन आवाज काढला आणि घरी फोन लावला. रस्ते, शाळा, दवाखाने, सगळ्यावर तिचं मत विचारलं. आई अर्धा तास बोलली. किती दिवसांनी तिचा तो वर्गात शिकवतानाचा आवाज ऐकला! मला वाटलं, संपूच नये.

"आणखी काही सांगायचंय, मॅडम?"

"हो. माझी मुलगी अख्ख्या अमेरिकेला काय वाटतं ते विचारते. तिला म्हणावं, घरचाही एक फॉर्म भरून घे कधी."

मी "थँक यू, मॅडम" म्हणायला गेले. तेवढ्यात ती मराठीत म्हणाली, "आणि आत ये आता. काहून गारठतेस गॅरेजमध्ये? चहा टाकलाय."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सर्वेक्षण ते. नमुना : एक. चूक : सर्वस्वी माझी.