बंद करू का?

आमचे मालक शिवलिंग मुदखेडात टेलिफोनचे लाइनमन. माणूस लई भला, पण एक खोड हाय. कुणाची लाइन घडीभर तोडायची असली तरी आधी त्या घरी जाणार अन् विचारणार, "बंद करू का?" लोक हसतात, मी कपाळावर हात मारून घेते.

त्या दिवशी रस्त्याच्या खोदकामात मोबाइलची रेंज सकाळीच गेली होती. आमच्या अक्षराची मुलाखत घरच्या ब्रॉडबँडवर चालू होती. शिकून घरी बसलेली पोरगी, अन् पुण्याच्या कंपनीची ही शेवटची फेरी. मी तिच्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसले होते. आवाज नको म्हणून कुकरसुद्धा लावला न्हाई.

तेवढ्यात घरचा फोन वाजला. मालक दवाखान्यातून बोलून राहिले होते. हनीफ टेलरची आई बेगमबी छातीत कळ येऊन तिथं आडवी पडली होती. तिचा ईसीजी बघून नांदेडचे मोठे डॉक्टर सांगणार, तवा इथं इंजेक्शन देणार. अन् ईसीजी काही जाईना. दवाखान्याचं नेट सारखं तुटत होतं.

"उमा, खोदकामात तुटलेली केबल कुणीतरी घाईत जोडली. आपल्या फोनच्या दोन तारांतली एक दवाखान्याच्या जोडीत गेली. आपलं नेट चालू हाय तवर त्यांच्या लाइनीत खरखर शिरणार. जोड उकलायला दुपार होईल. बंद करू का?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्या बी लाइनीच्या तारांचा डबा दवाखान्याच्या भिंतीला, पक्कड ह्यांच्या हातात, अन् विचारायचं मला! मी म्हणाले, मला कशाला विचारता?

"तुला न्हाई. अक्षराला विचार. मुलाखत तिची हाय."

मला हो म्हणवेना, न्हाई बी म्हणवेना. फोनमधून हनीफचं रडणं ऐकू येत होतं. शेवटी मी ओरडलेच, "अहो, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न हाय!"

मागं दार उघडलं. अक्षरानं काय झालं ते विचारलं, अन् माझ्या तोंडून बेगमबीचं सगळं निघून गेलं. ती आत गेली. समोरच्या साहेबांना सॉरी म्हणाली, अन् त्यांचं उत्तर यायच्या आत मोडेमची पिन उपसली.

मी रिसीव्हर कानाला दाबून उभी राहिले. लई वेळानं हे म्हणाले, "गेला ईसीजी."

इंजेक्शन दिलं, अॅम्ब्युलन्स नांदेडला गेली, बेगमबी वाचली. ह्यांनी दुपारभर खड्ड्यात बसून जोड नीट केला. संध्याकाळी आमचं नेट चालू झालं, अन् पहिली मेल कंपनीचीच आली. जागा भरली होती.

जेवायला बसलो तवा मी भांडायच्या तयारीतच होते. अक्षरा ताटात बघत म्हणाली, "अप्पा, न विचारता तोडली असती ना, तर मी तुम्हाला जन्मात माफ केलं नसतं."

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला अन् हे लेकरासारखे रडले. मी त्यांच्या ताटात गरम भाकर वाढली.