आत्यानं पाहिलेली स्थळं

मी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा माझी आत्या साताऱ्याकडच्या गावाहून येऊन कोपरखैरण्याला आमच्या घरी ठाण मांडून बसली होती. येताना तिनं माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं. मुलाचं घर, बागायत, ट्रॅक्टर, सगळं उत्तम. अट एवढीच की मुलगी शिकलेली हवी, पण नोकरी करणारी नको. म्हणजे पदवी फ्रेम करून भिंतीला लावायची आणि तिच्याखाली बसून भाकऱ्या थापायच्या. मंडळी रविवारी बघायला येणार होती. मी त्यांना पसंत पडले की विषय संपला, कारण बाबा आत्याच्या शब्दाबाहेर नव्हते आणि मुलीला विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मला मनापासून नोकरी करायची होती आणि त्या रविवारची धडकी भरली होती.

त्याच आठवड्यात वाशीला कंपन्यांचा मेळावा भरला. आम्ही जायचं, कुठे काय काम असतं ते बघायचं आणि जमलं तर आपली माहिती देऊन यायचं. आत्यानं विचारलं, "मेळावा? कसला गं?"

मला चावटपणा सुचला. "अगं, तिथं स्थळं येतात. आम्ही त्यांना बघतो, ते आम्हाला बघतात. दोघांना पसंत पडलं की जमलं."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. कॉलेजात याला प्लेसमेंट म्हणत, मी फक्त त्याचं मराठी केलं. पण सकाळी बघते तर आत्या ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून, नाकात नथ घालून दारात उभी. "एकटी कशी जाशील? बोलाय मोठं मानूस नको का?"

हॉलमध्ये शिरल्यावर टाय लावलेली पोरं आणि टेबलांवरचे कॉम्प्युटर बघून तिला उमगलं. तिनं माझ्या दंडाला कचकचीत चिमटा काढला. "नोकऱ्या हायत व्हय ह्या! मला फशिवतीस?" आता ही परत फिरणार असं मला वाटलं. पण आत्यानं पदर खोचला. "आलोय तर बघूनच जाऊ. चौकशी सारखीच असतीया."

पहिल्या टेबलावरचा तरुण सांगत होता की जुन्या कॉम्प्युटरांत साल दोनच आकड्यांत लिहिलंय, त्यामुळे दोन हजार साल उजाडलं की सगळा गोंधळ होणार, तो आधीच निस्तरायला भरपूर मुलं हवी आहेत. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "आनि पावनं, साल उजाडल्यावर?" पाहुण्यांनी टायची गाठ सैल केली. आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्या स्थळाला आयुष्य न्हाई."

पुढच्या टेबलावर नोकरी नक्की मिळणार होती. फक्त आधी ट्रेनिंगची फी त्यांच्याकडे भरायची आणि मध्येच सोडलं तर ती परत मागायची नाही.

"हुंडा!" आत्या एवढ्या मोठ्यानं म्हणाली की आजूबाजूची पोरं वळून बघायला लागली. "पोरगी बी आमीच द्यायची आनि पैसं बी आमीच? वर ती नांदली न्हाई तर पैसं बुडालं!" रांगेतली दोघं गुपचूप सटकली. मी लाजेनं मेले असं इथं म्हणायला हवं, पण खरं तर मला भारी मजा येत होती. पुढचं टेबल कुठलं ते मीच तिच्या कानात सांगत होते.

तिचं गणित चुकायचंही. एका सूटवाल्याला तिनं भाऊबंद किती म्हणून विचारलं. तो बिचारा शाखा सांगायला लागला: पुणे, बंगलोर, अमेरिका. "एवढा गोतावळा? पोरगी राबून मरंल," म्हणत तिनं एक चांगली कंपनी नापास केली.

शेवटी एका कोपऱ्यात नेरूळच्या छोट्या कंपनीचं टेबल होतं. तिथल्या बाईंनी आत्याच्या सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली. जागा भाड्याची आहे हेही सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला काय करायला आवडेल?"

मी सवयीनं आत्याकडे बघितलं.

"मला काय बघतीस?" आत्या म्हणाली. "तुला इचारलंय."

"चुका शोधायला," मी म्हणाले. "दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या." बाई हसल्या आणि सोमवारी लेखी परीक्षेला या म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की पाणी प्यायला म्हणून मी तिथून पळच काढला.

बस स्टॉपवर मी तिला सूटवाल्यावरून चिडवायला गेले, तर ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "मला बघाय आलं तवा मी शेतात व्हते. घरी आले तर सुपारी फुटल्याली." मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

कोपरखैरण्याला उतरल्यावर ती घरी न जाता नाक्यावरच्या पीसीओत शिरली आणि मला रविवारच्या मंडळींचा नंबर फिरवायला लावला. पलीकडे मुलाची आई होती. तिचा आवाज रिसीव्हरबाहेर मलाही ऐकू येत होता.

"रविवारी येऊ नगा," आत्या म्हणाली. "न्हाई, पोरगी चांगली हाय. आजारी न्हाई. ... व्हय, दुसरं स्थळ बघितलं. नेरूळचं."

पलीकडून चिडून प्रश्न आला, जमलं का तिथं?

"जमलं न्हाई अजून," आत्या म्हणाली. "पन त्यांनी पोरीला इचारलं."