त्यांचं डोकं तेवढंच

शास्त्राचे सर रांगेनं प्रश्न विचारायचे. पहिल्या बाकापासून सुरू. एकेक मुलगी उठायची, उत्तर द्यायची, बसायची. प्रश्न माझ्या बाकाशी यायचा आणि उडी मारून पुढे जायचा. माझ्या शेजारी कुणी बसत नव्हतं, त्यामुळे ती उडी सगळ्या वर्गाला दिसायची.

एक दिवस मी हात वर केला. उत्तर येत होतं मला. हवेचा दाब. घरी पुन्हा पुन्हा वाचलेलं.

सर म्हणाले, "खाली घे. तुमच्या डोक्याला हे झेपायचं नाही. पाठ कर, पास हो. तुम्हाला सवलती आहेतच."

पोरी हसल्या. मी हात खाली घेतला.

मारलं असतं तर बरं. वळ दाखवता येतात. विचारलं नाही, हे कुणाला दाखवणार? आईला सांगितलं तर म्हणाली, "मारत नाय ना? मंग गप बस गो." आई चिरेखाणीवर कामाला होती. दिवसभर डोक्यावरून दगडाचे चिरे वाहायची. तिच्या डोक्याचा तेवढाच उपयोग जगाला माहीत होता.

मी गप्प बसले. ऐंशी-एक्याऐंशी साल असेल. रत्नागिरीतली नावाजलेली शाळा. आमच्या बौद्धवाडीतून तिथवर पोचलेली मी पहिली.

गप्प बसून बसून काय होतं, ते सांगते. आधी राग येतो. मग झोप येते. मग खरोखरच काही कळेनासं होतं. सर बोलताहेत, आवाज येतोय, आत काही उतरत नाही. हळूहळू मला वाटायला लागलं, सर म्हणतात ते खरंच असेल. आपलं डोकं तेवढंच. त्यांनी म्हटलं, त्याचं दुखतंच. मी ते मानलं, त्याचं जास्त.

पाठ केलं. पास झाले. डी.एड.ला नंबर लागला.

तिथे मानसशास्त्र शिकवायला एक बाई होत्या. सोलापूरकडच्या. बोलणं रोखठोक. एका दुपारी त्यांनी फळ्यावर मेंदू काढला आणि उंदरांवरचे प्रयोग सांगितले. काही उंदीर रिकाम्या पिंजऱ्यात एकटे ठेवले. काहींना सोबती दिले, शिड्या दिल्या, चाकं दिली, खेळणी बदलत राहिले. मग दोघांचेही मेंदू तपासले. खेळत्या उंदरांच्या मेंदूवरचा थर जाड भरला. एकट्यांचा पातळ.

"उंदीर तेच," बाई म्हणाल्या. "जात तीच. पिंजरा वेगळा."

माझे कान तापले.

बाई सांगत होत्या, मेंदूत वाटा असतात. माळावर पाऊलवाट पडते तशा. चालत राहिलं की वाट पडते. चालणं थांबलं की पावसात गवत माजतं, वाट बुजते. मुलाला विचारलं, त्यानं आठवून बघितलं, चुकलं, पुन्हा सांगितलं, की वाट पडते. नुसतं ऐकून पडत नाही. आणि मूल भ्यालं की वाटेवर धोंडा येऊन पडतो.

मी उठले. न विचारता वर्गाबाहेर गेले. नळाखाली डोकं धरून उभी राहिले. रडले नाही. मी मंद नव्हते. माझ्या मेंदूला काम दिलं नव्हतं. रोज. जाणूनबुजून. आणि त्याला शिकवणं म्हणत होते.

नोकरी लागली ती आरे-वारेच्या पुढे, समुद्राकाठच्या एका गावात. प्राथमिक शाळा. वर्गात पुढे बागायतदारांची आणि दुकानदारांची पोरं. मागे मच्छीमार मुसलमानांची आणि बौद्धवाडीतली. "आम्ही बसवत नाही हो, आपसूकच बसतात," हेडमास्तर गुरुजी म्हणाले. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता.

मी सगळ्यांना गोल बसवलं.

पुस्तक मिटायचं आणि कालचं आठवून पाटीवर लिहायचं. नवं काही सांगण्याआधी अंदाज करायचा, प्रत्येकानं. पाट्या वर धरायच्या. चुकलं तर हसायचं नाही, कुठे चुकलं ते शोधायचं. ज्याला कळलं त्यानं शेजारच्याला आपल्या बोलीत समजवायचं. डोळे जड झाले की सगळ्यांना अंगणात काढायचं आणि तिथेच पाढे, तिथेच मापं. वर्गात गलका असायचा. कामाचा गलका.

रुक्साना नावाची एक मुलगी होती. बाप होडीवर. ती कोरी पाटी वर धरायची. मी विचारायचे आणि थांबायचे. थांबणं फार अवघड असतं शिकवणाऱ्याला. जीभ वळवळते. पण मी थांबायचे. पावसाळा सरला आणि एक दिवस तिच्या पाटीवर एक शब्द आला. मग दोन. मग ती बोलायला लागली.

त्यानंतर तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. वर्गाच्या दारातच थबकले.

"शाळा आहे की मासळीबाजार?"

गुरुजींनी पुढे होऊन खुर्ची दिली. मी धडा थांबवला नाही. प्रश्न होता, लोखंडाचा खिळा बुडतो, मग एवढं लोखंड ठोकलेली होडी का तरंगते? पाट्या वर गेल्या. रुक्साना उठली. स्वतःहून उठली.

"होरी पोकल हाय. पानी तिला वर लोटता."

साहेब खो खो हसले. "होरी! पोकल! आधी मराठी शिकवा हिला." मग माझ्याकडे वळले. मुलांसमोरच म्हणाले, "चार-पाच हुशार पोरं तयार करा, बाई. या बाकीच्यांवर कशाला वेळ घालवता? त्यांचं डोकं तेवढंच."

मग सावकाश विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणालात?"

मी म्हणालेच नव्हते. सांगितलं.

"हं," ते म्हणाले.

त्या 'हं'मध्ये सगळं होतं. माझी वाडी, माझी आई, माझं डोकं.

रुक्साना खाली बसली होती. पाटी पोटाशी धरून. मी तिच्याकडे बघितलं आणि माझ्या आतलं काहीतरी ताठ उभं राहिलं.

"साहेब, तिचं उत्तर बरोबर आहे. बरोबर आहे म्हणा."

"काय?"

"वर्गासमोर हसलात. वर्गासमोरच म्हणा. विचारल्यानं मेंदू वाढतो आणि हसल्यानं बंद पडतो. हे मला डी.एड.ला शिकवलंय. तुमच्याच खात्यानं."

गुरुजी मागून "बाई, बाई" करत होते. साहेब उठले. निघून गेले. बरोबर आहे, असं म्हणाले नाहीत.

मी वर्गाकडे वळले. "रुक्सानाचं उत्तर बरोबर आहे," मी म्हणाले. "होरी पण बरोबर, होडी पण बरोबर."

पण दुसऱ्या दिवशी तिची पाटी कोरी. त्याच्या पुढच्या दिवशीही.

गुरुजी घरी आले. "दोन ओळी लिहून द्या, बाई. चूक झाली म्हणून. मी मिटवतो."

"लिहिणार नाही, गुरुजी."

आई चुलीपाशी ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "नोकरी जायल गो. पाया पड त्या सायबाच्या. काय बिघाडता?"

"बिघडतं, आई."

घर माझ्या पगारावर होतं. तिचं भय खोटं नव्हतं. तरी मी लिहिलं नाही.

बदलीचा हुकूम आला. सह्याद्रीच्या अंगाला, एकशिक्षकी शाळा. एस.टी. संपते तिथून पुढे चढण. शिक्षा म्हणूनच पाठवलं होतं. मी निघाले तेव्हा रुक्साना पाटीवर पुन्हा लिहीत होती. मोठ्यानं मात्र बोलत नव्हती. हे मी त्या साहेबाला माफ केलेलं नाही. करणार नाही.

नव्या शाळेत पोरं भिंतीपासून दारापर्यंत जातवार बसलेली. मी पहिल्याच सकाळी सगळ्यांना उठवलं, मिसळून बसवलं. दुपारी गावातले दोघे जण आले. दारातच उभे राहिले.

"बाई, ह्या कोनाच्या हुकमान?"

"माझ्या," मी म्हणाले. "उद्याही असंच. तुमच्या पोराला विचारीन, त्याच्या शेजारी बसलेल्यालाही विचारीन. उत्तर येईपर्यंत थांबेन. पटत नसेल तर करा माझी बदली. जिथे जाईन तिथे हेच करीन."