निघताना येते म्हणायचं

“तूच शिकवलंस ना, आये? निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं?”

“आपल्या मानसांत गो! त्या गोरीला कशाला म्हनलीस?”

“आता गेलं तोंडातून.”

“मंग लाव फोन आनि सांग, चुकून गेलं म्हनून.”

“सोमवारी सांगते.”

“सोमवारपर्यंत ती तिकडं खोली झाडून ठेवंल तुझ्यासाठी!”

एरवी यावर रिया खळखळून हसली असती. आज तिने नुसती पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

गंगाबाई बाजारातून आल्या पावली भांडायला उभी राहिली होती. मासळीची पाटी अजून धुवायची राहिलेली. उरण नाक्याच्या बाजारातली तिची बसायची जागा सासूपासूनची, आणि आवाज असा की पलीकडच्या रांगेतलं गिऱ्हाईक वळून यायचं. नवरा, बुधाजी, वारल्यावर तिने त्या आवाजावर घर रेटलं. मुलगा परेश लग्न करून कळंबोलीला वेगळा झाला. कोळीवाड्यातल्या खोलीत उरल्या मायलेकी.

रिया तळोज्याच्या एका कारखान्यात रिसेप्शनवर होती. तिथे जर्मनीचे पाहुणे येत, म्हणून कंपनीने तिला जर्मनची शिकवणी लावून दिली. अवघड काही नाही, रोजचं बोलणं. नमस्कार, चहापाणी, टॅक्सी, हॉटेल, दवाखाना. पण सरावाला समोर माणूस हवं, आणि घरात माणूस एकच.

“आये, तू दुकानदार, मी गिऱ्हाईक. वास कोस्टेट दास?”

“वासाचे पैशे घेत नाय मी. पापलेटचे घेते.”

“अगं, ‘वास’ म्हणजे ‘काय’. कितीला दिलं, असं विचारतेय.”

“मंग तसं इचार ना. आल्या आल्या वास काढनाऱ्या गिऱ्हाइकाला मी पाटीला हात लावू देत नाय.”

हसून हसून रियाच्या पोटात दुखायचं. आणि गंगाबाई रंगात यायची. कधी टॅक्सीवाला होऊन पाटावर बसायची, कधी डोक्याला फडकं बांधून बहिरी म्हातारी व्हायची, डॉक्टर होऊन रियाच्या पाठीवर वाटी टेकवायची. “गूटन मोर्गन, फ्राउ गंगाबाई!” असा बाईसाहेबी नमस्कार ऐकला की ती पदर सारखा करायची. जन्मभर मासळी विकली तिने. एवढी नवी नवी माणसं व्हायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

अडलं ते निरोपावर. रियाने पर्स खांद्याला लावून सरावाचं वाक्य टाकलं, “इश गेहे.”

“म्हंजे?”

“मी जाते.”

“तोंड धू! उंबऱ्यात उभी राहून जाते म्हनतेस? येते म्हन.”

“येते म्हणजे ‘इश कोमे’. पण आये, तिकडे तसं म्हटलं की ते खरंच येते असं धरतात. ताट वाढून वाट बघत बसतील.”

“बसू देत. माझ्या घरात गेहे नाय चालनार. गेहे म्हंजे गेलेच झालं!”

तेव्हापासून कामावर निघताना रिया दारातून “इश कोमे” म्हणायची आणि गंगाबाई आतून हुंकार भरायची.

मग त्या फ्राउ वेबर बाईंनी विचारलं. कंपनीच्या जर्मनीतल्या ऑफिसच्या त्या मोठ्या साहेब. तळोज्याला यायच्या तेव्हा रियाशिवाय त्यांचं पान हलायचं नाही. जर्मनीला येऊन आपल्याकडे दोन वर्षं काम करशील का, असं त्यांनी विचारलं. रियाने हे जेवता जेवता सांगितलं, भीत भीत, पण डोळे लकाकत होते. गंगाबाईने ते डोळे पाहिले आणि म्हणाली, “मी मेल्यावर जा. मंग खुशाल जा, कोन अडवनार नाय.”

रियाचा घास हातातच राहिला. “बरं,” ती म्हणाली, “नाही सांगते.”

घासाघीस न करता गिऱ्हाईक कबूल झालं, की गंगाबाईला बाजारात लगेच शंका यायची. घरात आली नाही.

रविवारी रियाने मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून व्हिडिओ कॉल लावला. गंगाबाई खाली बसून कोळंबी सोलत होती, चित्रात न येता, कान देऊन. बोलणं झरझर चाललेलं. तिला ओळखीचा एकच शब्द सापडला, “मुटर”. आई. तो दोनदा आला. मग बराच वेळ पलीकडची बाईच बोलली. आणि शेवटी रिया म्हणाली, अगदी हळू, “इश कोमे.” गंगाबाईला कोण समाधान वाटलं. पोरीने परक्या बाईचा निरोपही रीतीने घेतला.

आणि आज, शनिवारी सकाळी, रियाच्या ऑफिसातल्या अरुंधती मॅडम नेहमीप्रमाणे बाजारात आल्या. सुरमई निवडता निवडता म्हणाल्या, “अभिनंदन, गंगाबाई! रियाने होकार दिला म्हणे. वेबर मॅडम काय खूश आहेत! लगेच व्हिसाचं काम सुरू करा म्हणाल्या.” गंगाबाईची सुरी सुरमईच्या पोटात तशीच थांबली.

आता ती पाटीजवळ उभी होती आणि रिया दाराजवळ.

“त्या अरुंधती मॅडमना तरी सांगायचंस,” गंगाबाई पुटपुटली, “आमच्यात असंच म्हनतात म्हनून.”

“सांगते म्हटलं ना मी.”

“कवा?”

“सांगते, आये.”

या आवाजात राग नव्हता, म्हणून गंगाबाईला भीती वाटली. मघापासून तिला एकच वाक्य परत घ्यायचं होतं, मेल्यावरचं. ते जिभेवर येत होतं आणि मागे फिरत होतं. सगळ्या बाजाराला ऐकू जाणारा तिचा आवाज हाताच्या अंतरावरच्या पोरीपर्यंत पोचेना. आणि सुटला तो भलताच प्रश्न.

“तुला तर ठाव होतं ना गो, तिकडं येते म्हंजे येतेच? तूच मला समजावलेलंस. मंग खरं सांग. चुकून गेलं, का तू म्हनलीस?”

रियाने वर पाहिलं. डोळे भरलेले होते, पण नजर खाली गेली नाही.

“रिया, तुला इचारते मी.”

रियाने चपला पायात सरकवल्या, पर्स खांद्याला लावली आणि ‘इश कोमे’ न म्हणताच दाराचा पडदा सारून ती गल्लीत उतरली.