वधू-वर ग्रुपवरची गोष्ट

ब्लॉगला वाचक कसे मिळवायचे, असं कोणी विचारलं की मी विषय बदलते. मला भरपूर वाचक मिळाले होते, आणि तो आठवडा मी जीव मुठीत धरून काढला.

धुळ्यात बसून मी कथा लिहायची आणि ब्लॉगवर टाकायची. वाचायचं कोण? दोन मैत्रिणी आणि मी. मी मुळात तापट, त्यात हा अपमान. वैतागून मी एका गोष्टीचे भाग पाडले, दर रविवारी एक, आणि प्रत्येक भाग ऐन मोक्यावर तोडला. तरी कोणी फिरकेना. मग लक्षात आलं, एक व्हॉट्सॲप ग्रुप आमच्यात कोणीही सोडत नाही आणि त्यातली ओळन् ओळ वाचली जाते: समाजाचा वधू-वर ग्रुप. मी लिंक तिथे टाकायला लागले.

बघता बघता झुंबड उडाली. जळगावहून, सोनगीरहून, सुरतेला गेलेल्यांकडून एकच विचारणा, पुढचा भाग कधी? मी हवेत होते. पण त्या ग्रुपवर बायोडाटा येतात, मोडलेल्या सोयरिकीची खबर येते. तिथे येणारं सगळं कुणाच्या तरी घरचं खरं असतं. लोकांनी माझी गोष्टही तशीच वाचली. गोष्टीतली मुलगी साक्रीकडची नर्स होती. सुपारी फुटायच्या दिवशी हातात चहाचा ट्रे घेऊन ती दाराआड थांबते, तिथे मी भाग तोडला होता. माझी चुलत बहीणही साक्रीकडचीच, नर्स. तिचं मध्यंतरी जुळलं होतं आणि येत्या रविवारी सुपारी होती.

नरडाण्याहून मुलाच्या वडिलांचा निरोप आला. पुढचा भाग वाचू, मगच निघू.

तिचे वडील, म्हणजे माझे काका, ज्यांना सगळं घर नाना म्हणतं, दुसऱ्याच दिवशी एसटीने धुळ्याला आले. पाण्याला हात लावला नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते हळू, आमच्या अहिराणीत बोलले.

"त्या गोठमा पोरनं लगन लाई दे. बठ्ठा वाची राह्यनात."

मी म्हटलं, नाना, सगळे वाचत असले तरी ती मनाने रचलेली गोष्ट आहे, त्यातल्या पोरीचं लग्न लावून काय होणार? ते म्हणाले, हे मी कोणाकोणाला सांगत फिरू? मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. माझ्या लिखाणात मी कोणाला बोट घालू देत नाही, पण इथे पोरीच्या आयुष्याचा प्रश्न होता. ते गेल्यावर मी बसले आणि मुलीला ट्रेसकट बाहेर आणली, हसरी, लाजरी. भाग भिकार झाला होता. तरी हायसं वाटलं.

शनिवारी दुपारी बहिणीचा फोन आला, दवाखान्याच्या जिन्यातून. मी घाईने सांगितलं, काळजी करू नको, शेवट गोड केलाय.

"ताई, बदलू नको," ती म्हणाली. "माले ते लगन करनं नई शे. मना तोंडमाईन निंघत नई. तू लिख, नाना वाचतीन."

इतके वाचक गोळा केले, आणि ही त्यांच्यात बसून माझ्या गोष्टीतल्या मुलीच्या नकाराची वाट पाहत होती. लिहिणं मला सोपं होतं. पण मग तो नकार माझा ठरला असता, आणि मला शिव्या घालून नानांनी सुपारी फोडलीच असती. मी तिला सांगितलं, मी लिहिणार नाही, मी येते.

रविवारी सकाळी साक्रीच्या गाडीत बसले. कुठलाच भाग टाकला नव्हता. लोक विचारून विचारून फोन तापवत होते. मी तो बंद केला.

नाना ओट्यावर मोबाइल हातात धरून बसले होते. पाहुणे अजून नरडाण्यातच होते. भाग का आला नाही, असं त्यांनी मला विचारलं. मी बहिणीला बाहेर बोलावलं आणि तिच्याशेजारी बसले. तिने नानांकडे पाहत सांगितलं.

"नाना, माले हाई लगन करनं नई शे."

नानांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"हाई तू लिखं का?"

"नाही, नाना. हे तिचं आहे."

त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. मग सावकाश तिच्याकडे वळून त्यांनी कारण विचारलं.

"काब्रं नई, पोरी?"